रक्तदाब, कंपवात आणि दोन वनस्पती

खाजकुयरीची शेंग वाशिम जिल्ह्यातल्या मुलांना वेगळी ओळखून द्यावी लागत नाही. तिची लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते. याच वेलीच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य असते. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी ते १९३७ साली या बियांतून वेगळे केले. आज ते कंपवातावरचे (पार्किन्सनच्या विकारावरचे) प्रमुख औषध आहे.

पण त्याचा उपयोग कळला तो दुसऱ्याच वनस्पतीमुळे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख लिहून सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे जगापुढे मांडले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन वेगळे करण्यात आले. मात्र ते घेणाऱ्या काही रुग्णांचे हात थरथरू लागले, हालचाली मंदावल्या, जणू कंपवातच! असे का व्हावे?

चेतापेशी एकमेकींना रसायनांमार्फत निरोप पाठवतात. या रसायनांचे साठे रेसर्पिन रिकामे करते. नॉरअ‍ॅड्रिनलिन संपले की रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो. मेंदूतील डोपामिन संपले की हालचाली अडखळतात. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिनमुळे निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा टोचले. मेंदूत त्याचे डोपामिन झाले आणि ससे थोड्याच वेळात हिंडू लागले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. कंपवाताच्या रुग्णाला रेसर्पिन का टाळतात, ते यावरून कळते.

रक्तदाबाच्या इतर बहुतेक गोळ्या डोपामिनला हात लावत नाहीत. तिथे अडचण निराळी असते. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरते. चेतासंस्था लगेच रक्तवाहिन्या आवळून दाब सावरते. कंपवातात ही यंत्रणाच दुबळी होऊ शकते. लेव्होडोपा दाब आणखी उतरवते आणि त्यात रक्तदाबाच्या गोळीची भर पडते. वाशिमच्या मे महिन्यात घामावाटे पाणीही कमी होते. मग खाटेवरून उठताना चक्कर येऊन म्हातारे माणूस पडते, खुब्याचे हाड मोडते.

बसून मोजलेल्या दाबावरून हे कळेलच असे नाही. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून दाब मोजावा. मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. त्या वेळी कोणीतरी आधाराला असावे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. गोळ्यांचे प्रमाण आणि वेळा ते बदलतील. आपण होऊन कोणतीच गोळी बंद करू नये. लेव्होडोपा एकाएकी थांबवणे तर धोक्याचे असते.

खाजकुयरीचे चूर्ण 'कपिकच्छू' या नावाने दुकानात मिळते. त्यातही लेव्होडोपाच असते. गोळ्यांच्या जोडीला ते घेतले तर मात्रा नकळत वाढते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांबरोबर चूर्णाची पुडीही न्यावी.