दोन कोडीं, एक उत्तर?

निरभ्र रात्रीं आकाशाकडे पाहिलें असतां विश्व म्हणजे हे असंख्य तारेच, असें वाटतें. परंतु ज्या द्रव्याचे तारे, पृथ्वी व आपलीं शरीरें बनलीं आहेत, तें विश्वाच्या एकंदर सांठ्यांत शेंकडा सुमारें ५ च भरतें. उरलेल्यांत शेंकडा सुमारें २७ कृष्णद्रव्य व ६८ कृष्णऊर्जा होय.

कृष्णद्रव्याची चाहूल इ. स. १९३३ मध्यें फ्रिट्झ झ्विकी यांस लागली. कोमा नामक समूहांतील दीर्घिका इतक्या वेगानें फिरतात कीं, दृश्य द्रव्याचें गुरुत्वाकर्षण त्यांस एकत्र बांधून ठेवण्यास अपुरें पडतें. पुढें इ. स. १९९८ मध्यें दूरच्या स्फोटक ताऱ्यांचा प्रकाश मोजतांना संशोधकांच्या दोन संघांस आढळलें कीं, विश्वाचें प्रसरण वाढत्या वेगानें चाललें आहे. या वेगाच्या अज्ञात कारणास कृष्णऊर्जा म्हणतात.

फळाचें पडणें व चंद्राचें भ्रमण न्यूटननें एकाच नियमांत गोंविलें. तशींच हीं दोन अज्ञातें एकाच वस्तूचीं दोन रूपें नसतील काय? इ. स. २००१ मध्यें कामेन्श्चिक, मोस्केला व पास्किए यांनीं तशी कल्पना मांडली. रशियन शास्त्रज्ञ चाप्लिगिन यांनीं इ. स. १९०४ मध्यें वायुप्रवाहांच्या अभ्यासासाठीं योजिलेलें समीकरण त्यांनीं विश्वास लावून पाहिलें. या कल्पित वायूचा दाब ऋण असतो. घनता जितकी अधिक, तितका तो दाब अल्प. म्हणून प्राचीन, दाट विश्वांत हा वायु धुळीप्रमाणें, म्हणजे कृष्णद्रव्याप्रमाणें वागेल. विश्व पसरून विरळ झालें कीं, तोच कृष्णऊर्जेचें कार्य करील.

कल्पना मोठी मनोहर. परंतु शास्त्रांत शेवटचा शब्द निरीक्षणाचा असतो. इ. स. २००४ मध्यें सँडविक, टेगमार्क प्रभृतींनीं हिशेब करून दाखविलें कीं, अशा वायूंत ध्वनिलहरींसारखीं आंदोलनें उठतील व दीर्घिकांच्या वांटणींत त्यांचे ठळक चढउतार उमटतील. प्रत्यक्ष आकाशांत ते आढळत नाहींत. त्यामुळें ही कल्पना मूळ रूपांत टिकली नाहीं.

तथापि श्रम व्यर्थ गेले नाहींत. एकीकरणाच्या कोणत्याही नव्या सिद्धांतास आतां दीर्घिकांच्या या कसोटीस उतरावें लागतें. विद्यार्थिमित्रांनो, विश्वाचा शेंकडा ९५ भाग अद्यापि अज्ञात आहे; तो उलगडण्यास कल्पकता हवी, आणि आपली आवडती कल्पनाही पुराव्यापुढें सोडून देण्याचें धैर्य हवें.