चिखल नेमका कधी होतो?

पुण्याजवळच्या चिखलीत इंद्रायणी नदीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने १७ मे २०२५ रोजी पाडले. तेव्हापासून वाचक एक प्रश्न हमखास विचारतात: मुरूम टाकून जमीन उंच केली, तर काय बिघडलं?

पुरापुरतं उत्तर सोपं आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोहोचतो, ती निळी रेषा. भरावाने ते पाणी आटत नाही, शेजाऱ्याच्या अंगणात जातं. खरी गंमत भरावाखाली आहे.

आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या अतिपातळ थरांमध्ये पाणी शिरलं की थर एकमेकांपासून सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात तीच आकसून भेगाळते. जिथे निचरा होत नाही तिथे जमीन चिबड होते, पाय ठेवला की दबते.

पण घट्ट मातीचा चिखल नेमक्या किती पाण्याने होतो? हे मोजण्याची रीत १९११ मध्ये अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने मांडली. काल्मारमधल्या बियाणे-तपासणी केंद्रात काम करणारा हा माणूस, त्याला शेतातली माती समजून घ्यायची होती. ओली माती शेवईसारखी वळत जायची. ३ मिलिमीटर जाडीला (हे माप पुढे ठरलं) ती तुटू लागली, की तेव्हाचं पाणी ही एक सीमा. दुसरीसाठी वाटीतल्या मातीत चर पाडून वाटी आपटायची आणि चर कधी मिटतो ते पाहायचं. पुढे अभियंता कासाग्रांदेने त्यासाठी पितळी वाटीचं यंत्र केलं, २५ ठोके ठरवले. स्थापत्यशास्त्रात गौरव मृदा-यांत्रिकीचा जनक मानल्या जाणाऱ्या टर्झागीचा होतो, आणि तो रास्तच आहे. पण १९१६ मध्ये वारलेल्या अ‍ॅटरबर्गचं नाव चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या प्रत्येक शेडच्या माती-अहवालात असूनही तो कोण होता हे कुणी सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

काळ्या मातीची ही दुसरी, चर मिटण्याची सीमा बहुधा ५० ते १०० टक्के असते. म्हणजे शंभर ग्रॅम कोरडी माती पन्नास ते शंभर ग्रॅम पाणी पिऊन मगच वाहू लागते. एवढं पाणी धरणाऱ्या थरावर भराव पडला, की ते हळूहळू पिळून निघतं. मातीची छिद्रं इतकी बारीक, की त्याला वर्षं लागतात. जमीन कुठे जास्त खचते, कुठे कमी, आणि भिंतीला तिरपी चीर जाते. मुरमाची दबाई कितीही चोख असली तरी ती वरच्याच थराची. म्हणून प्लॉट घेताना माती-अहवाल मागा, आणि नमुना भरावाचा आहे की त्याखालच्या काळ्या मातीचा, हे आधी विचारा.