दोन पिवळ्या गोळ्या आणि एक बिल

‘मागच्या वेळी दिल्या होत्या ना, त्याच द्या दोन. पिवळ्या होत्या.’ संध्याकाळी कुठल्याही मेडिकलसमोर पाच मिनिटं थांबा, हे वाक्य कानावर पडतंच. पिवळ्या गोळ्या शेकडो असतात. पण आपला विश्वास रंगावर, आणि बाकीचा दुकानदारावर. त्या विश्वासाला चिकटलेले हे काही गैरसमज.

गैरसमज : दुकानाला परवाना आहे ना, मग काउंटरवरच्या कोणीही औषध दिलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : परवाना अन्न व औषध प्रशासन (एफडीए) दुकानाला देतं. चिठ्ठीवरचं औषध मात्र नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे. परवाना ग्राहकाला दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे. ‘फार्मासिस्ट कोण?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

गैरसमज : लाल रेघेची गोळी ‘स्ट्राँग’ असते, लवकर गुण येतो.

वस्तुस्थिती : ती रेघ ताकद सांगत नाही, बजावते : डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका. चिठ्ठीवरच्या अशा काही औषधांची ‘शेड्यूल एच-वन’ ही वेगळी यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यात काही प्रभावी अँटिबायोटिक्स, क्षयरोगावरची औषधं आणि झोपेच्या काही गोळ्या येतात. ही औषधं देताना रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. तेव्हा मेडिकलवाल्याने डॉक्टरांचं नाव विचारलं, तर तो नसत्या चौकशा करत नसतो.

गैरसमज : ‘ही कंपनी नाही, पण सेमच आहे’ म्हणून बदलून दिलेलं औषध घ्यायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : चिठ्ठीत लिहिलेलं शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीवरच विकता येणारं, औषध दुकानदाराला परस्पर बदलता येत नाही; घटक तोच असला तरीही. बदल हवाच असेल तर डॉक्टरांना फोन करावा. याचा अर्थ जेनेरिक औषध हलकं, असा मुळीच नाही. जनऔषधी केंद्रांत जाणाऱ्या औषधांची प्रत्येक बॅच आधी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. अडचण जेनेरिकची नाही, डॉक्टरांना न कळता झालेल्या बदलाची आहे.

गैरसमज : थंडाव्यात औषध जास्त टिकतं, म्हणून सगळं फ्रिजमध्ये.

वस्तुस्थिती : वेष्टनावर लिहिलंय तेवढंच थंड. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. दुकानदाराने नीट जपलेलं इन्सुलिन आपण भर मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत टाकून आणतो, तिथे त्याच्या फ्रिजवर पाणी पडतं. बहुतेक गोळ्यांना मात्र कोरडी, उन्हापासून दूरची जागा पुरते. गॅसच्या ओट्यावरचं फडताळ त्यात बसत नाही.

गैरसमज : दोन गोळ्यांसाठी बिल कशाला?

वस्तुस्थिती : स्ट्रिप हातात घेऊन बघा. बॅच क्रमांक आणि एक्स्पायरी अनेकदा एकाच टोकाला छापलेली असते. कात्रीने दोन गोळ्या कापल्या की ते टोक दुकानातच राहतं, आणि तुमच्या हातात येतो निनावी चंदेरी तुकडा. पुढे ती बॅच कमी दर्जाची ठरली किंवा अंगावर पुरळ उठलं, तर माग काढायला बॅच क्रमांक लिहिलेलं बिलच कामाला येतं. एक्स्पायरीला नुसता महिना छापलेला असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येतं. मुदत उलटलेला माल दुकानदाराने विक्रीच्या मालापासून वेगळा, ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहून ठेवायचा असतो.

औषधाने त्रास झाला, तर आधी डॉक्टरांना गाठा. मग १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर दुष्परिणामाची नोंदही करता येते. तिथे बॅच क्रमांक सांगता आला, तर नोंद खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

म्हणून पुढच्या वेळी दोनच गोळ्या घ्या हवं तर, पण चिठ्ठी दाखवून, एक्स्पायरी वाचून आणि बिल मागून. सचोटीने धंदा करणाऱ्या मेडिकलवाल्याला त्याचा राग येणार नाही.