फ्लेअरने काळोख उजळतो, तपशील नाही

‘कोटिंग नसलेली जुनी लेन्स लाव, फ्लेअरने शॅडो उघडतात.’ फिल्मवर फोटो काढणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा आकडे मांडूनच बोलतो.

लांज्याकडच्या एखाद्या कौलारू घराच्या पडवीत मे महिन्यात दुपारी उभे राहा. बाहेर खळं उन्हाने पांढरंफटक. आत खांबामागे सूप टांगलेलं. समजा, सुपाच्या विणीतल्या खाचेतून फिल्मवर १ एकक प्रकाश पडतो, बांबूच्या पट्टीवरून २ आणि खळ्यातून १२८. खाच आणि पट्टी यांच्यात एका स्टॉपचा फरक आहे, आणि तपशील म्हणजे हाच फरक. आता खळ्याचा थोडा उजेड लेन्सच्या काचांमध्ये उलटसुलट आपटला आणि सगळ्या फिल्मवर ४ एककं सारखी पसरली; हाच फ्लेअर. खाच ५, पट्टी ६. फरक उरला पाव स्टॉप! खळ्याचे १२८ चे १३२ झाले, तिथे काही जाणवतही नाही. निगेटिव्हवर तो कोपरा दाट दिसतो म्हणून लोक खूश होतात. पण दाट झालेलं ते धुरकटपण आहे. वीण पुसट झाली, तिचं काय?

यात खरं आहे ते एवढंच: फिल्मला नोंद करायला किमान काही प्रकाश लागतो, आणि अगदी गडद भागाला फ्लेअर तो उंबरठा कधी ओलांडून देतो. पण त्यासाठी मोजूनमापून केलेलं प्री-फ्लॅशिंग, म्हणजे फोटोआधी फिल्मवर थोडा सारखा प्रकाश पाडणं, आहे. फ्लेअर किती पडेल हे समोरचं दृश्य ठरवतं, तुम्ही नाही.

कोडॅकच्या जोन्स आणि काँडिट यांनी १९४१ साली बाहेरची दृश्यं मोजली, तेव्हा उजळ आणि गडद भागांचं सरासरी प्रमाण १६०:१ निघालं. इतक्या उजेडाशेजारी काळोख सांभाळायचा, तर काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून परतणारा सुमारे ४ टक्के प्रकाश परवडत नाही. हे परतणं कमी करणारं कोटिंग झाइसच्या स्माकुलांनी १९३५ मध्ये आणलं.

आणखी काही गैरसमज. सूर्य फ्रेममध्ये असेल तरच फ्लेअर? नाही, पावसाळ्यातलं माचाळवरचं पांढरं आभाळही पुरतं. षटकोनी ठिपके नाहीत म्हणजे फ्लेअर नाही? पसरलेल्या फ्लेअरला आकारच नसतो. कडक ग्रेडच्या कागदावर सगळं परत येतं? थोडा फरक ताणता येतो, सोबत दाणाही वाढतो.

आपल्याकडे मात्र मोठा शत्रू बुरशी. कोकणच्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही महागडं कोटिंग असो, प्रकाश विखुरणारच.

तरी पटत नसेल तर त्याच पडवीत, खळं फ्रेमबाहेर ठेवून, एकाच एक्स्पोजरवर दोन फ्रेम घ्या. दुसऱ्या वेळी लेन्सवर येणारा फ्रेमबाहेरचा उजेड काळ्या छत्रीने अडवा. निगेटिव्ह शेजारी-शेजारी ठेवा आणि सुपाची वीण भिंगातून बघा.