जरा सरकून घ्या!

डोंबिवलीत वाढलेला माणूस कसा ओळखावा, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन : त्याला एका रिकाम्या बाकावर बसवून पाहा. अख्खा बाक मोकळा असला तरी तो कडेलाच बसेल, तेही अर्ध्या अंगाने, आणि एक पाय वाटेत रोवून ठेवील. हा विनय नव्हे. ही चौथी सीट आहे.

लोकलच्या प्रवासाचे भाग्य ज्यांना लाभले नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. दुसऱ्या वर्गाच्या बाकावर तिघांना बसता येते, असे रेल्वेचे मत आहे. चौघांना बसता येते, असे प्रवाशांचे मत आहे. चौथा गृहस्थ "जरा सरकून घ्या" म्हणतो, पहिले तिघे मान वर न करता दीडएक इंच सरकतात, आणि तेवढ्या जागेच्या भरवशावर हा घरदार असलेला माणूस थेट मुंबई गाठतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा १४ डब्यांत सुमारे ४०० पाहुणे होते म्हणे. म्हणजे डब्यामागे तीसही नाहीत! एवढी मंडळी आमच्याकडे नुसत्या दारात उभी असतात. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, तो रूळ कल्याणपर्यंत आला आणि वाटेवरच्या डोंबिवलीचे भवितव्य ठरून गेले.

आमचे अण्णा ३१ वर्षे चौथ्या सीटवरून कचेरीत गेले. त्यांच्या विजारी एकाच बाजूने आधी झिजत, असे आई सांगे. ठाणे गेले की ते उठत आणि उभ्या असलेल्या कोणाला तरी बसवीत. ज्या जागेवर स्वतःला धड बसता आले नाही, ती जागा दुसऱ्याला देण्याचे हे औदार्य मला लहानपणी फार विनोदी वाटे.

पण ही चौथी सीट संध्याकाळी अण्णांबरोबर घरीही येई. आमच्या दोन खोल्या आणि आम्ही माणसे पाच. तरी मुंबईत मुलाखत असलेला, परीक्षा असलेला, डोळे दाखवायचे असलेला प्रत्येक नातेवाईक आमच्याकडेच उतरे. १९८७ साली 'रामायण' सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी अख्खी बिल्डिंग आमच्या बाहेरच्या खोलीत मावली होती. आम्हा मुलांना मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून जेमतेम अर्धा राम दिसे. माझा आतेभाऊ नोकरी शोधायला म्हणून आठ दिवसांसाठी आला आणि चार वर्षे राहिला. रात्री गाद्या घातल्या की जमीन दिसत नसे. पाणी प्यायला उठलेला माणूस कोणाच्या तरी पोटरीवर पाय दिल्याशिवाय माठापर्यंत पोचत नसे. कोणी कुरकुरले, तर अंधारातून अण्णांचा आवाज येई, "जरा सरकून घ्या रे."

आता दिवस पालटले. मी प्राध्यापक झालो, कर्ज काढून तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला. त्यातली एक खोली माझ्या 'अभ्यासाची' आहे. दुपारी मी तेथे झोपतो.

गेल्या जूनमध्ये त्याच आतेभावाचा फोन आला. त्याच्या मुलाला मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. "तुझ्याकडे सोय होईल का रे?" त्याने जरा चाचरतच विचारले. मी वर्गात वापरतो तो आवाज काढून म्हणालो, "अरे, त्याच्या दृष्टीने हॉस्टेलच बरं. तिथं अभ्यासाचं वातावरण असतं." तो लगेच म्हणाला, "हो, तेही खरंच." त्याच्या लगेच म्हणण्याने मला हायसे वाटले, आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

फोन ठेवून वळलो, तर अण्णा सोफ्यावर बसलेले. सोफा चांगला सात फुटी. अण्णा त्याच्या अगदी टोकाला, अर्ध्या अंगाने, एक पाय पुढे रोवून. माझा राग उगाचच त्यांच्यावर निघाला. "अण्णा, आता तरी ऐसपैस बसा ना! एवढा सोफा कशासाठी घेतलाय?"

"सवय रे," अण्णा म्हणाले. मग शेजारच्या मोकळ्या जागेवरून हात फिरवीत जणू स्वतःशीच पुटपुटले, "आणि कोणी आलं तर?"

त्यांनी फोन ऐकला होता की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. जेवताना सौभाग्यवतीला सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "तुमची पुस्तकं गॅलरीतल्या कपाटात मावतील. निम्मी तर तुम्ही उघडलेलीही नाहीत." रात्री मी पुन्हा फोन लावला.

मुलगा आला. दोन बॅगा, एक गिटार आणि बोलण्याला सुरुवात, "काका, वायफाय आहे ना?" अशी. माझी दुपारची झोप गेली. गिटारीवर तो एकच सूर तासन्‌तास छेडतो. परवा कॉलेजातून उशिरा परतलो, तर तो आणि अण्णा सोफ्यावर क्रिकेट पाहत बसलेले. माझी चाहूल लागताच दोघांनीही पडद्यावरची नजर न काढता दीडएक इंच सरकून जागा केली.

मी टोकाला बसलो. एक पाय आपोआप वाटेत रोवला गेला.