मोगऱ्याची हिवाळी सुट्टी

'विंटर केअर' म्हटलं की काय आठवतं? कोल्ड क्रीम, लिप बाम, फार तर एखादं स्टायलिश जॅकेट! पण मंडळी, थंडीत मोगऱ्याचीही वेगळी काळजी घ्यावी लागते. हा फंडा मला कुठल्या पॉश नर्सरीत नाही, तर धाराशिव जिल्ह्यातल्या माझ्या मामीकडून मिळाला. तोही व्हाया शिकागो!

माझी मामेबहीण तिथे आयटीत आहे. मामा गेले तेव्हा व्हिसाच्या कागदपत्रांत अडकल्यामुळे तिला येता आलं नाही. मामांनी तुळजापूरजवळच्या गावात दाराशी मोगरा लावला होता. तिला घरात तोच वास हवा होता. पण अंगणातली फांदी बॅगेत टाकून अमेरिकेत नेता येत नाही, रोपांसाठी प्रमाणपत्रांचे सोपस्कार असतात. शेवटी तिने तिथल्याच नर्सरीतून कुंडी आणली. लेबलवर नाव 'अरेबियन जास्मिन'. बॉटनीत जास्मिनम सॅम्बॅक, म्हणजे आपला मोगराच! फिलिपिन्सचं राष्ट्रीय फूलही हेच.

मेलं न्हाई ते!

धाराशिवच्या पठारावर जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात, तरी मोगरा अंगणात मजेत राहतो. शिकागोत मात्र पारा शून्याखाली जातो. तिथे बाहेर राहिला की खेळ खल्लास! म्हणून तिने ऑक्टोबरात कुंडी घरात घेतली. पण घरात ऊन कमी आणि हीटरची कोरडी हवा. नोव्हेंबरात पानं पिवळी पडून गळायला लागली. मग आपण सगळे करतो तेच तिनेही केलं: आणखी पाणी, आणखी खत. झाड अजूनच मलूल! एका रविवारी ती व्हिडिओ कॉलवर रडायच्या बेतात होती. मी तेव्हा गावीच होते. मामीने स्क्रीनकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अगं, मेलं न्हाई ते. ताणावर गेलंय. पाणी तोड जरा."

ताण! डाळिंबाचा आंबे बहार धरताना शेतकरी आधी बागेचं पाणी तोडतात. झाड पानं गाळतं, विश्रांती घेतं. मग छाटणी, खत, पाणी आणि नंतर फुलांची गर्दी. मोगऱ्याची छाटणीही थंडीतच करतात, कारण त्याला फुलं नव्या फुटीवर येतात. थोडक्यात, हिवाळ्यात झाडाकडून फुलांची अपेक्षा करायची नाही. त्याने फक्त तग धरायचा.

तुमच्या कुंडीसाठी

• पुण्या-मुंबईत कुंडी घरात आणायची गरज नाही. बाल्कनीतला जास्तीत जास्त उन्हाचा कोपरा द्या. परदेशात असाल तर रात्रीचं तापमान १० अंशांवर येताच आत घ्या, दक्षिणेच्या खिडकीशी, हीटरपासून लांब.
• वरची इंचभर माती कोरडी झाली की मगच पाणी. कुंडीत ताण बेतानेच, माती पार सुकू देऊ नका.
• थंडीत खत बंद.
• पानांमागे बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी कीड. पानं पाण्याने धुऊन काढा.
• छाटणी इथे जानेवारी-फेब्रुवारीत, थंड देशात मार्चमध्ये. त्यानंतर खत आणि भरपूर ऊन.

मामीची खरी कसोटी उन्हाळ्यात असते. २०१६ च्या दुष्काळात टँकरची वाट बघत तिने भांडी विसळलेल्या पाण्यावर तो मोगरा जगवला. थंडीचं तिला काय कौतुक!

शिकागोच्या कुंडीला मार्चमध्ये कात्री लागली, जूनमध्ये ती बाहेर गेली आणि जुलैत पहिली कळी उमलली. बहिणीने फोटो पाठवला. मामीने तो मामांच्या तसबिरीसमोर धरला, काही बोलली मात्र नाही.

तेव्हा या डिसेंबरात झाड 'गेलं' म्हणून उपटायला निघालात, तर आधी फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं? मग टेन्शन नको. झाड सुट्टीवर आहे!