सीटी नॉर्मल, मग चक्कर का येते?

दुचाकी घसरून डोक्याला मुका मार लागतो, सीटी स्कॅन नॉर्मल येतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. दीड महिन्यानंतरही डोकं ठणकतं, लोकलच्या गर्दीत गरगरतं, कामात लक्ष लागत नाही. तक्रार केली की घरचे, शेजारी, ऑफिसातले एकच वाक्य ऐकवतात: "रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग मनाचे खेळ आहेत!"

नाहीत हो! सीटी रक्तस्राव आणि हाड मोडल्याचं दाखवतो. तातडीची शस्त्रक्रिया लागेल का, हे त्यावरून ठरतं. डोक्याला असा मार बसून मेंदू हादरतो, त्याला कन्कशन म्हणतात; त्यात बिघडतं ते मेंदूच्या पेशींचं काम. ते सीटीत दिसत नाही आणि नेहमीच्या एमआरआयमध्येही बहुधा दिसत नाही. बहुतेक प्रौढ साधारण दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना महिनाही लागतो. लक्षणं चार आठवड्यांपुढे रेंगाळली, तर वेगवेगळ्या शाखांच्या तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, असं ॲमस्टरडॅमच्या 2022 मधील क्रीडा-कन्कशन परिषदेचं निवेदन सांगतं.

दुसरा घोळ इथेच होतो. सीटी पाहून न्यूरोसर्जन 'काही नाही' म्हणाले, म्हणजे शस्त्रक्रियेचं काही नाही. पुढचा डॉक्टर लक्षणांवरून ठरतो. डोकेदुखी, विसराळूपणा यांसाठी न्यूरोलॉजिस्ट. कूस बदलताना गरगरत असेल तर कान-नाक-घसातज्ज्ञ. कानातले कण जागचे हलले असतील, तर डोक्याच्या ठरावीक हालचालींनीच ते बसवता येतात. वाचताना अक्षरं दुहेरी दिसली, तर नेत्रतज्ज्ञ. मान आखडली, तोल जातो, तर फिजिओथेरपिस्ट. झोप उडाली, चिडचिड वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञ. त्यात लाज कसली? नवी मुंबईत नेरूळचं डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचं एमजीएम, अशा वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे विभाग एकाच आवारात मिळतात.

आणखी काही गैरसमज:

• "शुद्ध हरपली नाही, म्हणजे कन्कशन नाही." बहुतेकदा शुद्ध हरपतच नाही. 2019 मध्ये लॉर्ड्सवर चेंडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू स्टीव्ह स्मिथ पुन्हा फलंदाजीला आला; दुसऱ्या दिवशी त्रास जाणवल्यावर त्याच्या जागी बदली खेळाडू म्हणून लाबुशेन उतरला.

• "महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहा." एक-दोन दिवस विश्रांती पुरे; मग सोसेल तेवढं चालणं सुरू करावं.

• "दुखलं की गोळी घ्या." तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागू शकतं.

वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी, हातापायांत अशक्तपणा, असं काही दिसलं तर तज्ज्ञ शोधत बसू नका. 108 ला फोन करा. एरवी कोणता त्रास केव्हा आणि कशाने वाढतो, हे आठवडाभर लिहून काढा आणि रिपोर्टच्या फाइलसोबत तो कागदही डॉक्टरांपुढे ठेवा. योग्य तज्ज्ञाकडे पाठवायला त्याचीच जास्त मदत होते.